नवी एसएसडी बसवली आणि जुनी हार्ड डिस्क दिसेनाशी झाली
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयावरची आहेत : डेस्कटॉप संगणकात दुसरी हार्ड डिस्क किंवा एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) घरच्या घरी बसवताना आलेल्या अडचणी. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे न छापता गाव आणि व्यवसाय एवढेच दिले आहे. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण त्यातील बिघाड दिसतो एक आणि असतो भलताच, आणि त्यापायी चांगल्या हार्ड डिस्क भंगारात गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

प्रश्न : आमचे लग्नपत्रिका आणि हँडबिले छापण्याचे दुकान आहे. २०१७ साली जुळवून घेतलेल्या संगणकात ५०० जीबीची हार्ड डिस्क असून श्रीलिपी, नुडी ही मराठी-कन्नड अक्षरजुळणीची सॉफ्टवेअरे आणि आजवरची सगळी कामे तिच्यावरच आहेत. संगणक फारच मंद झाल्यामुळे कोल्हापूरहून ५०० जीबीची एम.२ एसएसडी आणली आणि पुतण्याने ती मदरबोर्डवर बसवली. आता बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) नवी एसएसडी दिसते, पण हार्ड डिस्क दिसत नाही आणि विंडोज सुरू होत नाही. हार्ड डिस्क जळाली असे दोघांनी सांगितले. आमचे काम गेले का?
— डीटीपी व छपाई व्यावसायिक, निपाणी

उत्तर : काम गेले नसावे. जी हार्ड डिस्क कॅबिनेट उघडेपर्यंत चालू होती आणि दुसरी वस्तू बसवताक्षणी दिसेनाशी झाली, तिच्यावर संशय घेण्याआधी त्या दुसऱ्या वस्तूकडे पाहावे. संगणक बंद करून, वायर भिंतीतून काढून, नवी एसएसडी बाहेर काढा आणि जुन्या हार्ड डिस्कवर संगणक सुरू करून पाहा. विंडोज पूर्वीसारखे सुरू झाले तर हार्ड डिस्क धडधाकट आहे आणि अडचण वाटणीची आहे.

वाटणी म्हणजे काय, हे उसाला पाणी पाजताना दारे धरणाऱ्या माणसाला वेगळे सांगावे लागणार नाही. एकाच पाटाला दोन फाटे असले, तर एकीकडचे दार उघडताना दुसरीकडचे बंद करावे लागते. मदरबोर्डवरच्या चिपसेटमधून, म्हणजे माहितीची वाहतूक सांभाळणाऱ्या चिपमधून, निघणारे मार्गही मोजकेच असतात आणि अनेक बोर्डांवर एम.२ची खाच व एखाददुसरे साटा पोर्ट (हार्ड डिस्कची केबल जिथे लागते ते तोंड) यांना मिळून एकच मार्ग दिलेला असतो. खाच रिकामी असेपर्यंत तो मार्ग साटा पोर्टाकडे राहतो. खाचेत ड्राइव्ह बसला की पोर्ट मुकाट्याने बंद पडते. पडद्यावर त्याची सूचना येत नाही. बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत मात्र, बहुधा अगदी बारीक टायपात, अमुक खाच वापरल्यास अमुक पोर्ट चालणार नाही असे लिहिलेले असते. पुस्तिका हरवली असेल तर बोर्डावरच ठळक छापलेले मॉडेलचे नाव टिपून घ्यावे आणि निर्मात्याच्या संकेतस्थळावरून ती उतरवून घ्यावी.

उपाय दोन मिनिटांचा आहे. हार्ड डिस्कची साटा केबल बोर्डावरच्या त्या बाधित पोर्टातून काढून दुसऱ्या मोकळ्या पोर्टात लावावी. पोर्ट बदलले म्हणून विंडोज बिघडेल अशी भीती अनेकांना वाटते, पण विंडोज डिस्क ओळखते ती तिच्यावर नोंदलेल्या खुणेवरून. डिस्क कोणत्या पोर्टाला लावली आहे याच्याशी विंडोजला कर्तव्य नसते. बायोसमध्ये सुरुवात कोणत्या डिस्कवरून करायची तो क्रम मात्र एकदा तपासावा लागेल, कारण नवा ड्राइव्ह दिसताच काही बोर्ड त्यालाच पहिला मान देतात आणि रिकाम्या एसएसडीवर विंडोज शोधत बसतात.

आता आपण आणलेली एसएसडी कोणत्या जातीची आहे ते पाहू. एम.२ हे केवळ आकाराचे नाव आहे; २२८० असे लिहिले असेल तर २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब, एवढाच त्याचा अर्थ. त्याच आकारात जुन्या साटा पद्धतीचा ड्राइव्हही येतो आणि अधिक वेगवान एनव्हीएमई पद्धतीचाही. ड्राइव्हच्या टोकाच्या सोनेरी पट्टीत कापलेल्या दोन खाचा असतील तर तो बहुधा साटा असतो आणि एकच असेल तर एनव्हीएमई. पण दोन खाचांचे काही एनव्हीएमई ड्राइव्हही निघाले आहेत, म्हणून अखेरचा विश्वास लेबलावर ठेवावा. साटा ड्राइव्ह सेकंदाला साधारण ५५० एमबीच्या पुढे जात नाही, तर तिसऱ्या पिढीच्या चार मार्गिका मिळालेला एनव्हीएमई ड्राइव्ह ३५०० एमबीच्या आसपास वाचतो. आपला साटा निघाला तरी खंत करू नये. आपला संगणक मंद आहे तो हार्ड डिस्कमुळे. कोरल ड्रॉ उघडताना शेकडो फाँटांच्या लहान लहान फायली वाचाव्या लागतात आणि त्या प्रत्येकीसाठी हार्ड डिस्कच्या हेडला तबकडीवर जागा बदलावी लागते; तो वेळ एसएसडीच्या दोन्ही जातींत जवळजवळ नाहीसाच होतो. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर गेल्याचा फरक आपल्याला पहिल्याच दिवशी जाणवेल; साटा आणि एनव्हीएमई यांतला फरक पत्रिका जुळवताना क्वचितच जाणवेल.

एरवी मी नव्या ड्राइव्हवर विंडोज नव्याने घालण्याचा सल्ला देतो. आपल्या बाबतीत मात्र जुन्या हार्ड डिस्कची हुबेहूब प्रत, म्हणजे क्लोन, करणे मला योग्य वाटते. एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कन्नड अशी पत्रिका जुळवणाऱ्या दुकानात जुने फाँट, कळफलकांच्या मांडण्या आणि डाँगलवर (संगणकाला लावायच्या परवान्याच्या किल्लीवर) चालणारी सॉफ्टवेअरे अशी काही बेतशीर बसलेली असतात की ती पुन्हा तशीच बसवण्यात आठवडा जातो आणि लग्नसराई कोणाची वाट पाहत नाही.

क्लोन करताना एक सापळा आहे आणि आपल्या बाबतीत तो अधिकच धोक्याचा आहे. आपल्या दोन्ही डिस्क ५०० जीबीच्या आहेत, त्यामुळे पडद्यावर दोन्हींपुढे ४६५ जीबी असाच आकडा दिसेल. कोणतीवरून कोणतीवर उतरवायचे हे निवडताना उलटापालट झाली, तर कोऱ्या एसएसडीची कोरी प्रत भरलेल्या हार्ड डिस्कवर उमटेल आणि मग मात्र काम खरोखरच जाईल. म्हणून आकड्याकडे न पाहता मॉडेलचे नाव वाचावे, ते दोन्ही ड्राइव्हच्या लेबलांवरून आधी कागदावर लिहून घ्यावे आणि त्याही आधी सगळी कामे बाहेरच्या एखाद्या डिस्कवर उतरवून ठेवावीत. क्लोनिंगचे सॉफ्टवेअर अनेक एसएसडी कंपन्या फुकट देतात. क्लोनझिलाही चांगले आहे, पण ते नवख्याला थोडे रुक्ष वाटते. प्रत पूर्ण झाल्यावर पहिली सुरुवात हार्ड डिस्कची केबल काढून, फक्त एसएसडीवर करावी. ती ठीक झाली म्हणजे मगच जुनी जोडावी आणि महिनाभर तरी ती पुसू नये.

जुने विंडोज एमबीआर या डिस्कचे विभाग नोंदवण्याच्या जुन्या पद्धतीने घातलेले असेल आणि नवा ड्राइव्ह एनव्हीएमई असेल, तर क्लोन होऊनही विंडोज सुरू होणार नाही, कारण त्याला यूईएफआय (बायोसची नवी जात) आणि जीपीटी (विभाग नोंदवण्याची नवी पद्धत) लागते. विंडोज १०च्या १७०३ आवृत्तीपासून एमबीआरटूजीपीटी नावाचे साधन विंडोजमध्येच आहे आणि ते फायली न पुसता हा बदल करते. तरीही ते जाणकाराच्या हातून केलेले बरे.

पुतण्याला एक गोष्ट तपासायला सांगा. एसएसडीच्या शेवटाखाली ८० मिमीच्या जागी पितळी खुंटी बसवलेली आहे ना? ड्राइव्ह साधारण ३० अंशांच्या तिरक्या कोनात खाचेत सरकवायचा, शेवटापर्यंत गेल्याची खात्री करायची, मग हलकेच खाली दाबून त्या खुंटीवर तिळाएवढा स्क्रू फिरवायचा. खुंटी विसरून स्क्रू थेट बोर्डाच्या भोकात आवळला तर ड्राइव्ह धनुष्यासारखा वाकतो, काही दिवस चालतो आणि नंतर दगा देतो. माझ्या हातून एकदा हाच तिळाएवढा स्क्रू निसटून एसएमपीएसच्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) जाळीतून आत गेला होता आणि तो बाहेर काढण्यात अख्खी दुपार गेली. तेव्हापासून कॅबिनेट आडवे ठेवल्यावर आधी त्या जाळीवर कागद चिकटवण्याची सवय लागली.

प्रश्न : कारखान्याच्या ऑफिसमधील संगणकात नकाशे आणि कॅमेऱ्यांची चित्रणे साठवण्यासाठी ४ टीबीची हार्ड डिस्क बसवली. तिच्यातील २ टीबीच वापरता येतात, उरलेला भाग काळ्या पट्टीत दिसतो आणि त्यावर काहीच करता येत नाही. दुकानदार डिस्क सदोष नाही म्हणतो. शिवाय जागेचे सर्वच आकडे कमी दिसतात. यात फसवणूक आहे का?
— लघुउद्योजक, उद्यमबाग, बेळगाव

उत्तर : दुकानदार खरे सांगतो आहे. डिस्क पहिल्यांदा जोडली तेव्हा डिस्क मॅनेजमेंटने एमबीआर हवे की जीपीटी, असे विचारले असेल आणि कोणीतरी एमबीआर निवडले असेल. एमबीआर ही १९८०च्या दशकातील पद्धत आहे. तिच्यात जागेचा क्रमांक लिहायला ३२ बिट आहेत. ५१२ बाइटांचा एक कप्पा धरला तर तिची मोजणी २.२ टीबीपाशी संपते. विंडोजमध्ये आपल्याला २०४८ जीबीचा एक भाग आणि सुमारे १६७८ जीबीचा मोकळा भाग दिसत असेल. डिस्कवर टाकलेले नकाशे दुसरीकडे उतरवून घ्या, डिस्क मॅनेजमेंटमध्ये तिच्यावरचा विभाग काढून टाका, डावीकडच्या डिस्कच्या नावावर उजवी टिचकी देऊन जीपीटीमध्ये रूपांतर करा आणि नवा विभाग पाडा. विभाग काढताना त्यावरचे सर्व काही जाते, हे ध्यानात असू द्या.

आकडे कमी दिसण्याचे कारण मापाचे आहे. कंपनी टीबी मोजते ती एकावर बारा शून्ये अशी, आणि विंडोज १०२४च्या पटीत मोजून त्याला तेच नाव देते. म्हणून १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसते आणि आपली ४ टीबीची सुमारे ३७२६ जीबी दिसायला हवी. यात कोणाची लबाडी नाही, पण दोन मापांना एकच नाव ठेवण्याचा हा घोळ इतकी वर्षे चालू राहिला याचे मला अजूनही नवल वाटते.

आपण विचारलेले नाही, पण उद्यमबागेतून पत्र आले आहे म्हणून दोन शब्द अधिक लिहितो. ओतकाम आणि लेथ यांच्या जवळचे ऑफिस असेल तर कॅबिनेट शॉपमध्ये कधीही उघडू नका. बिडाचा कीस डोळ्यांना धूळ वाटतो, पण तो वीज वाहून नेतो आणि चुंबकी टोकाच्या स्क्रू ड्रायव्हरला मिशीसारखा चिकटून थेट बोर्डावर जातो. स्क्रू ड्रायव्हर आधी ओल्या फडक्याने पुसून कोरडा करावा. हार्ड डिस्कच्या अंगावर एक बारीक भोक असते आणि ते झाकू नये अशी सूचना तिथेच छापलेली असते. आतल्या व बाहेरच्या हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते ठेवलेले असते. त्यावर स्टिकर किंवा चिकटपट्टी लावू नका. हेलियम भरलेल्या मोठ्या डिस्कला असे भोक नसते.

डिस्क चारही स्क्रूंनी पक्की आवळा. हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते आणि यंत्रांची थरथर टेबलावाटे कॅबिनेटपर्यंत पोहोचते, म्हणून केबलवर लोंबकळत ठेवलेली किंवा दोनच स्क्रूंवर राहिलेली डिस्क लवकर थकते. साडेतीन इंची डिस्कला जाड आट्यांचे स्क्रू लागतात आणि अडीच इंचीला बारीक आट्यांचे. एकाचा स्क्रू दुसऱ्यात जोर लावून फिरवला तर आटे जातात, हे तुम्हा मंडळींना मी काय सांगावे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. जावयांनी त्यांच्याकडची एक साटा हार्ड डिस्क नातीच्या संगणकासाठी दिली. आमच्या एसएमपीएसला तशी मोकळी वायर नाही, म्हणून दुकानातून चार पिनांच्या प्लगवरून साटा करणारी एक जोडवायर मिळाली. ती लावणे सुरक्षित आहे का? दुसरे असे की, कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात, पावसाळ्यात विशेषच. त्याने डिस्कला काही होईल का?
— जांबोटी परिसर, तालुका खानापूर

उत्तर : बाई, आपला दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण डिस्कपेक्षा नात महत्त्वाची. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळण्यासाठी बारीक कपॅसिटर असतात आणि ते दोन्ही तारांकडून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. त्यांतून झिरपणारा किंचित प्रवाह अर्थिंगवाटे जमिनीत जावा अशी रचना असते. अर्थिंग तुटलेले असले की पत्र्यावर २३० व्होल्टांच्या निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टांच्या आसपासचा दाब येऊन राहतो. प्रवाह अगदी थोडा असल्याने नुसत्या झिणझिण्या येतात. पावसाळ्यात फरशी आणि पाय ओले असल्यामुळे त्या अधिक जाणवतात. पण खरा बिघाड झाला तरी सुरुवात अशाच झिणझिण्यांनी होते आणि दोहोंतला फरक बोटाने कळत नाही. म्हणून डिस्क बसवण्याआधी वायरमनला बोलावून, प्लगच्या वरच्या मोठ्या भोकापर्यंत अर्थिंग खरोखर येते का, हे मापून घ्यावे. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या एक्स्टेन्शनमध्ये घालण्यासाठी मोठी पिन कापलेली असेल, तर ते आधी दुरुस्त करावे.

याच कारणाने एक सूचना करतो. कॅबिनेट उघडताना वायर भिंतीत तशीच ठेवून फक्त बटण बंद करा, म्हणजे अर्थिंग कायम राहते, असा सल्ला काही व्हिडिओंतून दिला जातो. आपल्याकडच्या जुन्या घरांत अर्थिंगचाच पत्ता नसतो आणि कधी कधी बटण चुकून न्यूट्रलच्या तारेवर बसवलेले असते. तिथे हा सल्ला घातक आहे. वायर पूर्ण काढावी, संगणकाचे बटण पाच-दहा सेकंद दाबून धरावे म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते, आणि डिस्क हातात घेण्यापूर्वी रंग नसलेल्या पत्र्याला स्पर्श करावा.

आता जोडवायरीविषयी. अशा वायरी दोन तऱ्हेच्या मिळतात. एका तऱ्हेत साटा प्लगमध्ये तारा वितळलेल्या प्लॅस्टिकमध्ये ओतून बसवलेल्या असतात. प्लग एकसंध, गुळगुळीत दिसतो. त्यात तारा एकमेकींच्या फार जवळ येतात आणि अशा प्लगनी पेट घेतल्याची उदाहरणे आहेत. दुसऱ्या तऱ्हेत प्रत्येक तार स्वतंत्र धातूच्या पकडीत दाबलेली असते आणि प्लगच्या पाठीमागून तारा वेगवेगळ्या दिसतात. ती तऱ्हा घ्यावी. साडेतीन इंची हार्ड डिस्क सुरू होताना १२ व्होल्टांच्या पिवळ्या तारेवर २ अँपिअरपर्यंत ओढ घेते, म्हणून एका जोडवायरीवर एकच डिस्क लावावी. एसएमपीएस दहा वर्षांचा झाला असेल, तर जोडवायरीपेक्षा साटाच्या चार वायरी असलेला नवा एसएमपीएस घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. सुट्या केबलींचा एसएमपीएस घेतलात तर दुसऱ्या कंपनीची जुनी केबल त्याला कधीही लावू नका. तोंडे सारखी दिसतात, आतल्या तारांचा क्रम वेगळा असतो आणि डिस्क त्याच क्षणी जळते.

घाटाकडच्या दमट हवेत डिस्क गार खोलीतून किंवा गाडीतून आणल्यावर तासभर पिशवीतच राहू द्यावी, म्हणजे तिच्यावर दव धरत नाही. प्लगच्या तोंडाशी हिरवट डाग दिसले तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. पॉलिश पेपर लावू नये.

प्रश्न : बंद पडलेल्या लॅपटॉपमधील अडीच इंची डिस्क डेस्कटॉपला लावता येईल का? माझे प्रकल्पाचे काम तिच्यात अडकले आहे.
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, चिकोडी

उत्तर : लावता येईल. साटाची सात संपर्कांची डेटा केबल आणि पंधरा संपर्कांची पॉवर केबल दोन्ही आकारांना सारखीच असते, दोन्ही तोंडे एल आकाराची असल्याने उलटी जात नाहीत. काम काढून घेण्यापुरतीच डिस्क जोडायची असेल तर ती आवळून बसवायची चौकट (ब्रॅकेट) विकत घेण्याची गरज नाही. कॅबिनेटमध्ये पुठ्ठ्यावर सपाट ठेवून चालेल, फक्त ती चालू असताना हलवू नका. विंडोजने डिस्क इनिशियलाइझ किंवा फॉर्मॅट करू का, असे विचारले तर नाही म्हणा आणि तिथेच थांबा. डिस्कवर कुलपाचे चिन्ह दिसले तर लॅपटॉपमध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू होते असे समजा. अशा वेळी ४८ अंकांची रिकव्हरी की लागते आणि लॅपटॉपला जोडलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ती बहुधा साठवलेली असते. त्या खात्याचा पासवर्ड शोधून मगच कॅबिनेट उघडायला घ्या.